नोट्स काढायच्या कशा: युरोपचा इतिहास, म्युझिक थिअरी आणि इंग्लिश ग्रामर, पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी

मराठी मीडियममधून इंग्लिश मीडियमला गेलेली किंवा स्टेट बोर्ड सोडून सीबीएसई, आयसीएसई घेतलेली मुलं संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला येतात, आणि पहिल्या दिवशी मी सगळ्यांची वही मागते. वही छानच असते. अक्षर मोत्यासारखं, हेडिंगला लाल पेन, खाली पट्टीने डबल रेघ, वर तीन रंगांचे हायलायटर. पण वही मिटून विचारलं की सांग बरं, फ्रान्सच्या राजाने १७८९ मध्ये ती सभा का बोलावली, की गाडी तिथेच अडते. कारण वहीत जे आहे ते पुस्तकातलंच आहे, फक्त पेनाने उतरवलेलं. ही नक्कल झाली, नोट्स नाही झाल्या. आणि यात मुलांचे तासन्‌तास जातात याचं मला खरंच वाईट वाटतं, मेहनत कमी नाहीये हो, चुकीच्या ठिकाणी चाललीये.

म्हणून हे लिहितेय. तीन विषय घेतलेत कारण माझ्याकडच्या बऱ्याच मुलांचे हेच तीन अडतात: युरोपचा इतिहास, कीबोर्ड किंवा गिटारच्या ग्रेड परीक्षेसाठी लागणारी म्युझिक थिअरी, आणि इंग्लिश ग्रामर. तिन्हीच्या नोट्स एकाच पद्धतीने काढायला गेलात तर एकही धड होणार नाही, हे आधीच सांगते.

सामान फार लागत नाही. इतिहासाला सायन्सच्या प्रॅक्टिकलला असते तशी एक बाजू कोरी आणि एक बाजू रेघांची जर्नल घ्या. म्युझिकला पाच-पाच ओळी आखलेली वही मिळते, नाही मिळाली तर साध्या वहीत पट्टीने आखा. ग्रामरला छोटी १०० पानी. दोन रंगांचे पेन, एक पेन्सिल, बास. हायलायटर पहिल्या महिन्यात कपाटातच राहू दे.

आता तिन्हीला लागू असलेली एक गोष्ट, आणि हीच सगळ्यात जास्त जिवावर येते. पुस्तक उघडं ठेवून नोट्स काढायच्या नाहीत. दोन पानं वाचायची, पुस्तक मिटायचं, मग जे आठवतं ते निळ्या पेनाने आपल्या भाषेत लिहायचं, मराठीत आठवलं तर मराठीत लिहा, अर्धं इंग्लिश अर्धं मराठी आलं तरी चालेल. लिहून झालं की पुस्तक उघडायचं आणि जे सुटलं ते लाल पेनाने त्याच पानात भरायचं. आता तुमच्या पानावर निळं म्हणजे तुम्हाला येतंय ते आणि लाल म्हणजे येत नाहीये ते, इतकं स्पष्ट दिसतं. पुढच्या वेळी फक्त लालकडे बघायचं. पहिले चार दिवस पान लालेलाल होईल, घाबरायचं नाही, दहाव्या दिवशी फरक दिसतो.

इतिहास: प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक प्रश्न

इतिहासात मुलं सनावळी पाठ करतात आणि तिथेच फसतात. सन लक्षात राहतात पण एकामागून दुसरं का घडलं ते सांगता येत नाही. म्हणून पानाच्या वर धड्याचं नाव लिहू नका, प्रश्न लिहा. "फ्रेंच राज्यक्रांती" हे हेडिंग नको. "राजाला सभा बोलवावी का लागली?" हे हेडिंग पाहिजे.

हेच उदाहरण पुढे नेते. सोळावा लुई १७७४ मध्ये गादीवर आला तेव्हा तिजोरी आधीच खंक होती. त्यात फ्रान्सने ब्रिटनच्या विरोधात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मदत केली आणि कर्ज अजून वाढलं. कर्ज फेडायचं तर कर वाढवायला हवेत, पण धर्मगुरू आणि सरदार हे पहिले दोन वर्ग बहुतेक करांतून सुटलेले, सगळा बोजा तिसऱ्या वर्गावर, म्हणजे शेतकरी, कारागीर, व्यापारी, वकील सगळे त्यात आले. नवीन कर लावायचे तर तिन्ही वर्गांची सभा बोलवायला पाहिजे, जी १६१४ नंतर भरलीच नव्हती. ती ५ मे १७८९ ला पॅरिसजवळच्या व्हर्सायला भरली. पहिल्या दोन वर्गांचे साधारण तीनतीनशे प्रतिनिधी, तिसऱ्याचे सहाशे. पण जुन्या रिवाजाप्रमाणे मत वर्गाला एक, माणसाला नाही. म्हणजे सहाशे माणसं येऊनही दोन विरुद्ध एकने हरणार. इथे ठिणगी पडली. तिसऱ्या वर्गाने सांगितलं की माणशी एक मत द्या, राजा ऐकेना, मग २० जूनला त्यांनी टेनिस कोर्टात जमून शपथ घेतली की राज्यघटना केल्याशिवाय हलणार नाही.

हे सगळं नोट्समध्ये एवढं लांब लिहायचं नाही. रेघांच्या बाजूला पाच-सहा शब्द आणि बाण: अमेरिकेला मदत, कर्ज, नवे कर, सभा, मत कसं मोजायचं, शपथ. बास. बाणाच्या जागी तोंडाने "म्हणून" म्हणता आलं पाहिजे. जिथे "म्हणून" बसत नाही तिथे मधलं काहीतरी सुटलंय असं समजा आणि पुस्तकात परत जा. माझ्या भाचीने असंच पान केलं होतं आणि तिच्या पानात "शपथ" नंतर थेट "बास्टिल पडला, १४ जुलै" होतं (बास्टिल म्हणजे पॅरिसमधला किल्लेवजा तुरुंग), मी म्हटलं इथे म्हणून लावून दाखव. लागेना. मग तिनेच शोधलं की १७८८ चं पीक गेलं होतं, हिवाळा कडक पडला, पावाचे भाव चढले, त्यात राजा पॅरिसभोवती सैन्य गोळा करतोय अशी भीती पसरली, लोक शस्त्रं आणि दारूगोळा शोधत बास्टिलवर गेले. तिने लाल पेनाने "पाव + सैन्याची भीती" असं मध्ये घुसडलं. ते पान मी अजून इतर मुलांना दाखवते.

कोऱ्या बाजूला नकाशा काढायचा. चित्रकला चांगली असायची गरज नाही, फ्रान्स एक ओबडधोबड षटकोन, इटली म्हणजे बूट, त्यात चार टिंबं. पण काढायचा स्वतःच, चिकटवायचा नाही.

आता इटली आणि जर्मनीचं एकीकरण. या धड्याने जेवढी मुलं रडतात तेवढी दुसऱ्या कुठल्या धड्याने नाही, कारण १८५९, १८६०, १८६१, १८६४, १८६६, १८७०, १८७१ असे सन भराभरा येतात आणि दोन देशांत वाटलेले असतात. पुस्तकात एक देश संपवून मग दुसरा देतात. तुम्ही तसं करू नका, पान उभं दुभागा, डावीकडे इटली, उजवीकडे जर्मनी, आणि सन मधल्या रेघेवर. मग बघा काय दिसतं. १८६६ ला प्रशिया, म्हणजे जर्मनीला एकत्र आणणारं जर्मन राज्य, ऑस्ट्रियाशी लढली आणि जिंकली, आणि त्याच वर्षी इटलीला ऑस्ट्रियाकडून व्हेनिसचा प्रदेश मिळाला, कारण इटली प्रशियाच्या बाजूने उतरला होता. १८७० ला फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, पोपच्या रक्षणाला रोममध्ये असलेलं फ्रेंच सैन्य घरी बोलवावं लागलं, आणि सप्टेंबरमध्ये इटलीचं सैन्य रोममध्ये शिरलं. इकडे १८ जानेवारी १८७१ ला व्हर्सायच्या राजवाड्यातच जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. म्हणजे प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्या लढायांनी इटलीचं घोडंही पुढे गेलं. हे एकदा मधल्या रेघेवर दिसलं की दोन सन पाठ करायची गरजच उरत नाही, ते एकमेकांना धरून राहतात.

माणसांसाठी एकेक ओळ पुरे. मॅझिनीने विचार दिला, १८३१ मध्ये यंग इटली काढली. इटलीतल्या पीडमाँट राज्याचा पंतप्रधान काव्हूर याने वाटाघाटी केल्या. गॅरिबाल्डी १८६० मध्ये हजारेक स्वयंसेवक घेऊन सिसिलीत उतरला. १८६१ ला दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल इटलीचा राजा झाला. मॅझिनीचं नाव आपल्याकडे परकं नाहीच, सावरकरांनी १९०७ मध्ये त्याचं आत्मचरित्र मराठीत आणलं होतं, घरातल्या आजोबांना विचारून बघा.

आणि असे आपल्याशी खरोखर जोडलेले धागे सापडले तर समासात लिहून ठेवा, मेंदूला खुंटी मिळते. माझा आवडता असा आहे: १८१५ ला वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली जो १८०३ च्या सप्टेंबरमध्ये जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. जालन्याकडच्या एका मुलाला हे सांगितलं तर त्याने त्या दिवशी अख्खा नेपोलियन एका बैठकीत संपवला.

मधला पूल: इतिहास आणि संगीत एकत्र

ज्यांना दोन्ही विषय आहेत त्यांनी संगीतकारांच्या जन्म-मृत्यूच्या तारखा वेगळ्या पाठ करू नयेत, इतिहासाच्याच पट्टीवर टाकाव्यात. बाख आणि हँडेल दोघेही १६८५ चे. मोझार्ट १७९१ मध्ये गेला, म्हणजे क्रांती चालू असताना. बीथोव्हन १७७० ते १८२७, म्हणजे क्रांती, नेपोलियन, वॉटर्लू सगळं त्याच्या हयातीत. त्याने तिसरी सिम्फनी नेपोलियनच्या नावाने करायची ठरवली होती, १८०४ मध्ये नेपोलियनने स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं तेव्हा चिडून त्याने नाव खोडलं, इतक्या जोरात की कागदाला भोक पडलं, ती प्रत व्हिएन्नात अजून जपून ठेवलीय. आता मला सांगा, हे कळल्यावर १८०४ कोण विसरेल?

फ्रान्सचं राष्ट्रगीतही असंच. एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारल्यावर काही दिवसांतच ते स्ट्रासबर्गला लिहिलं गेलं, आणि मार्सेय शहराचे स्वयंसेवक ते गात पॅरिसला आले म्हणून त्याचं नाव मार्सेयेज पडलं. पोलिश संगीतकार शोपँने १८३० मध्ये वॉर्सा सोडलं आणि महिन्याभरात तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला, तो परत कधी पोलंडला गेला नाही.

म्युझिक थिअरी: हात आणि गळा लावल्याशिवाय पान भरायचं नाही

इथे पुस्तक मिटून लिहायचं हे आहेच, पण त्याआधी वाजवायचं किंवा गायचं. थिअरीची वही नुसती वाचून ग्रेड एकपर्यंत कसंबसं जमतं, पुढे अडतं.

पहिला आठवडा फक्त पाच ओळी. ओळींच्या सुरुवातीला जे ट्रेबल क्लेफ नावाचं चिन्ह असतं त्याचा वेटोळा खालून दुसऱ्या ओळीभोवती फिरतो, ती ओळ जी. हे एक धरलं की बाकी मोजत काढता येतं. ओळी खालून ई, जी, बी, डी, एफ. मधल्या चार जागा एफ, ए, सी, ई, म्हणजे इंग्लिशमधला फेस, चेहरा. मिडल सी खाली वेगळ्या छोट्या रेघेवर बसतो. रोज दहा स्वर स्वतःच कुठेही टिंबं देऊन काढायचे आणि नावं लिहायची, पाच मिनिटांचं काम.

दुसरा आठवडा मात्रा. सेमीब्रीव्ह चार, मिनिम दोन, क्रॉचेट एक, क्वेव्हर अर्धी. टाळी वाजवून मोठ्याने म्हणायचं आणि मगच काढायचं. इथे मुलांचा नेहमीचा घोळ म्हणजे थ्री-फोर आणि सिक्स-एट, म्हणजे सुरुवातीला ३/४ आणि ६/८ असे लिहिलेले ठेके. दोन्हीत सहा क्वेव्हर मावतात मग फरक काय? फरक वजनाचा. थ्री-फोरमध्ये दोन-दोनचे तीन गट, एक-आणि, दोन-आणि, तीन-आणि. सिक्स-एटमध्ये तीन-तीनचे दोन गट. ज्यांनी तबला ऐकलाय त्यांनी दादरा आठवा, धा धी ना, धा तू ना, तीन आणि तीन. वहीत दोन्ही एकाखाली एक काढा आणि ज्या मात्रेवर जोर येतो तिच्याखाली टिंब द्या.

तिसरा आठवडा स्केल, आणि इथे ज्यांच्या घरी पेटी आहे ते नशीबवान. मेजर स्केल म्हणजे आपल्या बिलावलचेच सूर: सा रे ग म प ध नी सां. ग-म आणि नी-सां जवळजवळ, बाकी सगळीकडे एक-एक स्वर सोडून. म्हणजे आख्खा, आख्खा, अर्धा, आख्खा, आख्खा, आख्खा, अर्धा. पांढरी एक म्हणजे सी, तिथून सुरू केलं तर सगळ्या पांढऱ्याच लागतात. आता पांढरी पाच, म्हणजे जी, हिला सा धरा आणि वाजवत जा: पांढरी पाच, सहा, सात, एक, दोन, तीन, आणि आता नी पाहिजे. पांढरी चार दाबली तर कानालाच कळतं की नी कोमल लागला, शुद्ध हवा होता. म्हणून काळी तीन. ही काळी तीन म्हणजे एफ शार्प (शार्प म्हणजे अर्धा सूर वर), आणि जी मेजरच्या सुरुवातीला जो एक शार्प काढलेला असतो तो हाच. पाठ काही करावं लागलं नाही, कानाने सांगितलं.

यापुढे पांढरी दोनपासून करा, काळी तीनबरोबर काळी एक लागेल. पांढरी सहापासून अजून काळी चार. पांढरी तीनपासून काळी दोन वाढते, पांढरी सातपासून काळी पाच, आणि पाचही काळ्या संपल्या. पुस्तकात एफ, सी, जी, डी, ए असा जो शार्पचा क्रम घोकायला देतात तो हाच आहे. नोट्समध्ये पेटीच्या पट्ट्या काढा, सा वर गोल, लागलेल्या काळ्या भरून टाका, खाली पाच ओळींवर तेच स्केल. अशी सहा चित्रं म्हणजे हा भाग संपला.

एक सांगावंसं वाटतं. कोणी म्हणालं की ही पाश्चात्त्य लिपी आपल्या मुलांना कशाला, तर पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांतून गावातली मुलं हीच लिपी वाचायला शिकली आणि त्यातलेच कितीतरी वादक पुढे मुंबईला हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले, कारण समोर कागद ठेवला की ते वाजवू शकत होते.

ग्रामर: चुकांची वही

ग्रामरच्या नियमांच्या नोट्स काढू नका. नियम पुस्तकात आहेत, गाईडमध्ये आहेत, सगळीकडे आहेत. तुमच्या चुका मात्र कुठेच छापलेल्या नाहीत, आणि आपल्या बऱ्याच चुका मराठीतून येतात, म्हणून त्या ओळखीच्या होतात आणि सुटतातही. प्रत्येक चुकीला तीन ओळी. पहिली, डोक्यात मराठी वाक्य काय होतं. दुसरी, मी काय लिहिलं. तिसरी, बरोबर काय. चौथ्या ओळीत कारण सुचलं तर सोनं.

मी सगळ्यांना सुरुवातीला चार देते. "मी काल पुण्याला गेलो होतो." मुलं लिहितात, "आय हॅड गॉन टू पुणे येस्टरडे." बरोबर, "आय वेंट टू पुणे येस्टरडे." आपण "गेलो होतो" साध्या भूतकाळासाठीही सहज म्हणतो, इंग्लिशमध्ये "हॅड गॉन" तेव्हाच जेव्हा भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्याही आधी ते घडलं असेल. दुसरी, "मी दोन वर्षांपासून इथे राहतो." मुलं, "आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स." बरोबर, "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स." इथे दोन चुका एकत्र आहेत, आपलं "राहतो" वर्तमानकाळ आणि आपलं "पासून" एकच, पण त्यांचं कालावधीला "फॉर" आणि सुरुवातीच्या क्षणाला "सिन्स". तिसरी, "पाऊस आला तर मी येणार नाही." आपण "आला" म्हणतो, पाऊस अजून आलेला नसताना! म्हणून "इफ इट रेन्ड, आय विल नॉट कम" असं होतं. पाहिजे "इफ इट रेन्स, आय विल नॉट कम."

चौथी मला सगळ्यात आवडते. "तो म्हणाला की मी येतो." मराठीत "की" नंतर त्याचे शब्द जसेच्या तसे येतात, "मी" तसाच राहतो. इंग्लिशमध्ये "दॅट" लावला की "आय" चा "ही" होतो आणि काळही मागे सरकतो, "ही सेड दॅट ही वुड कम." डायरेक्ट-इनडायरेक्टचा तक्ता तीनदा पाठ केलेल्या मुलांनाही हे एक वाक्य समजावल्यावर तो तक्ता पहिल्यांदा कळतो असं मी पाहिलंय.

क्वेश्चन टॅगही तसंच, आपलं "ना?" सगळीकडे चालतं, त्यांचं दर वाक्याला बदलतं. आणि ए, अॅन आपल्याकडे नाहीतच, म्हणून तिथे स्पेलिंग न बघता उच्चार ऐका, "अॅन अवर" पण "अ युनिव्हर्सिटी". "डिड" आला की क्रियापद मूळ रूपात, "डिड नॉट गो", कारण भूतकाळ "डिड" ने आधीच उचललाय.

पॅसिव्हसाठी वेगळा तक्ता करत बसू नका, "बी" चं योग्य रूप आणि क्रियापदाचं तिसरं रूप, "इज रायटिंग" चं "इज बीइंग रिटन", एवढं पाच वाक्यांत रोज करा.

दिवसाला दोन चुका वहीत गेल्या तरी खूप. शाळेची तपासलेली उत्तरपत्रिका मिळाली की तीच सगळ्यात मोठी खाण, ती मार्क बघून दप्तरात कोंबू नका, त्या रात्री बसून लाल गोल केलेलं प्रत्येक वाक्य उतरवा.

उजळणी

त्याच रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. प्रत्येक वेळी आधी फक्त पानावरचा प्रश्न वाचायचा, हाताने बाकीचं पान झाकायचं, तोंडाने उत्तर द्यायचं, मगच हात काढायचा. आईबाबांना इंग्लिश येत नसलं तरी ते हे घेऊ शकतात, प्रश्न वाचायचा आणि बाण मोजायचे, सहा बाण आहेत, पोराने पाच सांगितले, कुठला राहिला. स्केलची उजळणी पेटीवर, पानावर नाही. ग्रामरची उजळणी म्हणजे मराठी वाक्य वाचून इंग्लिश तोंडी.

लाल शाईतलं जे दोनदा बरोबर आलं त्याच्यावर पेन्सिलीने टिक करायची. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी टिक नसलेलं तेवढंच बघायचं, नवीन पान उघडायचं नाही, जेवून दहाला झोपायचं.